छोटा पेला, सावकाश घोट
घरच्या समारंभात ज्येष्ठांसाठी संत्रा-अंबाडीचे गोड पेय

डिसेंबरातली सकाळ होती. पवनारच्या माझ्या दवाखान्यात रुग्णांची गर्दी ओसरली तेव्हा एक ओळखीची मुलगी आत आली. शिक्षणासाठी ती पुण्याला असते. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी गावी आली होती. आजारपणाची काही तक्रार नव्हती. खुर्चीवर बसून तिने थोड्या संकोचाने विचारले, ‘‘डॉक्टरकाका, हल्ली लग्नाबिग्नात छोट्या पेल्यांतून फळांचे गोड शॉट देतात ना, तसे काही घरी करता येईल का? दारूबिरू काही नको. पण आजोबांनाही आमच्यासोबत पेला उचलता आला पाहिजे.’’

तिच्या प्रश्नावर मी हसलो नाही, याला कारण होते. तीन वर्षांपूर्वी त्याच आजोबांच्या बाबतीत, तशाच एका छोट्या पेल्यापायी जे घडले होते, ते आम्हा दोघांनाही आठवत होते. त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ते आपल्याला सांगतो. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत्या लग्नसराईत असा प्रसंग येऊ शकतो.

तीन पेल्यांची गोष्ट

जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या शहरात नात्यातला विवाह होता. संध्याकाळच्या समारंभात तरुण मंडळींनी केशरी रंगाचे, बर्फगार, गोड पेले मांडले होते. आजोबांचे वय तेव्हा सत्त्याहत्तर. त्यांना तहान लागली होती. कुणीतरी कौतुकाने पेला हाती दिला. त्यांना तो संत्र्याचा रस वाटला. चव आवडली म्हणून त्यांनी आणखी दोन घेतले. त्यात व्होडका मिसळलेली आहे, हे देणाऱ्याने सांगितले नाही. घेणाऱ्याने विचारले नाही, कारण विचारावे असे त्यांच्या मनातही आले नाही.

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि रात्री झोपेची अर्धी गोळी घेण्याची सवय होती. ती त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली. पहाटे लघवीसाठी उठले, उभे राहताच भोवळ आली आणि ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, चार महिने अंथरुणावर गेले, आणि तेव्हापासून ते वॉकरशिवाय चालत नाहीत.

मी भेटायला गेलो तेव्हा पायाच्या वेदनेविषयी ते फारसे बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘डॉक्टर, आयुष्यभर मी त्या वस्तूला हात लावला नव्हता. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. एवढंच.’’

वाचकहो, ‘एवढंच’ या शब्दात किती मोठे दुःख होते ते पवनारमध्ये राहणाऱ्याला अधिक कळते. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. धाम नदीच्या काठी विनोबाजी १९३८ साली प्रकृती खालावल्यामुळे विश्रांतीसाठी आले, इथल्या मोकळ्या हवेत सुधारले आणि मग हे गावच त्यांचे झाले. इथल्या जुन्या पिढीतील अनेकांनी व्यसनमुक्ती हे व्रत म्हणून पाळलेले आहे. असे व्रत नकळत मोडायला लावणे ही थट्टा नव्हे. आणि ज्यांचे असे व्रत नाही, त्यांच्याही पेल्यात काय आहे हे त्यांना सांगितले गेलेच पाहिजे. हा त्यांच्या सन्मानाचा भाग आहे, तसाच त्यांच्या सुरक्षिततेचाही.

गोडव्याआड लपलेली दारू

‘शॉट’ म्हणजे साधारण तीस ते साठ मिलिलिटर पेय, जे एका दमात रिकामे करायचे असते. साखर, फळांचा रस आणि बर्फ यांमुळे मद्याचा उग्र वास आणि जळजळ दबून जाते. जिभेला धोक्याची सूचना मिळत नाही आणि सरबत समजून माणूस पुढचा पेला उचलतो.

तरुण शरीरापेक्षा वृद्ध शरीरावर मद्याचा परिणाम अधिक का होतो, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. वयाबरोबर स्नायू घटतात आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते. मद्य पाण्यात विरघळते. म्हणून तेवढ्याच मद्याने वृद्धाच्या रक्तातील मद्याची पातळी अधिक वाढते. झोपेच्या, चिंतेच्या किंवा फेफऱ्याच्या औषधांबरोबर त्याची गुंगी दुणावते. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे उठताना रक्तदाब आधीच घसरत असतो. त्यात मद्याची भर पडली की भोवळ येते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मधुमेहाच्या रुग्णांत आणखी एक गुंतागुंत असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्याने मद्य घेतल्यास यकृताकडून रक्तात साखर सोडण्याचे काम मंदावते आणि साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे पाहून घरचे लोक ‘चढली आहे, झोपू द्या’ असे म्हणतात. ती झोप जीवघेणी ठरू शकते.

घरी गाळलेल्या किंवा चोरट्या मार्गाने आलेल्या दारूविषयी तर वेगळे सांगायला नको. मुंबईत मालवणी येथे २०१५ च्या जून महिन्यात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल डोळ्यांची दृष्टी घेते आणि प्राणही. ते चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही. ‘औषधापुरती घोटभर’ या जुन्या समजुतीला आता वैद्यकीय आधार उरलेला नाही.

मग छोटा पेला वाईट का?

नाही. छोटा पेला ही ज्येष्ठांसाठी फार सोयीची गोष्ट आहे. दोष त्यातल्या मद्याचा आणि एका दमात पिण्याच्या पद्धतीचा आहे. या दोन गोष्टी वगळल्या की उरतो तो चाळीस मिलिलिटरचा, सुंदर रंगाचा, सर्वांना एकदम उचलता येणारा पेला.

हिशेब पाहा. बाजारातील गोड शीतपेयात साधारणपणे दर शंभर मिलिलिटरला दहा ते अकरा ग्रॅम साखर असते. दोनशे मिलिलिटरचा ग्लास म्हणजे वीस ग्रॅमहून अधिक, अर्थात चार सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर, मध, गूळ आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅमपर्यंत, आणता आली तर अधिक चांगले. एका ग्लासातच ती जवळजवळ संपते. पुढे सांगितलेल्या एका पेल्यात मात्र सारी मिळून एक चमचा साखर पोटात जाते, आणि बिनसाखरेच्या पेल्यात जेमतेम अर्धा चमचा.

भरलेला मोठा ग्लास पाहून अनेक वृद्धांना दडपण येते. हात थरथरतो, सांडण्याची लाज वाटते, ‘नको’ म्हणून ते बाजूला बसतात. छोटा पेला त्यांना झेपतो. हृदयविकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांच्याही हिशेबात तो बसवता येतो.

संत्रा-अंबाडीचा पेला

आपल्या भागात नोव्हेंबर-डिसेंबर हा आंबिया बहाराच्या संत्र्यांचा काळ. कारंजा, आष्टी या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांत संत्र्यांच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. याच दिवसांत शेताच्या धुऱ्यावरची लाल अंबाडी बोंडांनी लगडते. दोन्ही एकाच आठवड्याच्या बाजारात मिळतात. म्हणून मी त्या मुलीला हाच पेला सुचवला.

दहा जणांसाठी प्रमाण असे. सहा पेले साखरेचे, चार बिनसाखरेचे.

*साहित्य :* पाच ते सहा मध्यम संत्री (सुमारे २४० मिलिलिटर रस मिळावा), लाल अंबाडीच्या ताज्या पाकळ्या दोन मुठी किंवा सुकलेल्या एक लहान वाटी, पाणी २५० मिलिलिटर, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, आल्याचा रस पाव चमचा, साखर चार सपाट चमचे. मोजण्यासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे प्लास्टिकचे माप स्वच्छ धुऊन वापरावे. चहाचा चमचा म्हणजे साधारण पाच मिलिलिटर.

*अंबाडीचा काढा :* बोंडाच्या आतील हिरवी, कडक बीजकोशी काढून टाकावी आणि बाहेरच्या जाड लाल पाकळ्या तेवढ्या घ्याव्यात. त्या दोनदा धुऊन पाण्यात घालाव्यात, दालचिनी टाकावी आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळाव्यात. आच बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवावे. मग स्वच्छ पातळ फडक्यातून गाळावे. सुमारे १६० मिलिलिटर गडद लाल काढा मिळेल. कमी भरल्यास उकळलेले पाणी घालून तेवढा करावा. अंबाडी आंबट आहे, म्हणून स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे.

काढा गरम असतानाच त्याचे दोन भाग करावेत. १२० मिलिलिटर काढ्यात चारही चमचे साखर आणि आल्याचा रस विरघळवावा. उरलेला ४० मिलिलिटर तसाच, साखरेवाचून ठेवावा. दोन्ही भाग वेगवेगळ्या झाकणबंद भांड्यांत थंड करावेत.

*संत्र्याचा रस :* संत्री धुऊन, सोलून, फोडींतल्या बिया काढून रस हाताने किंवा रसयंत्राने काढावा आणि गाळावा. बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्यास रस कडू होतो. नागपुरी संत्र्याचा ताजा गोड रसदेखील ठेवून दिला की काही वेळाने कडवटतो. म्हणून काढा आदल्या दिवशी करून शीतकपाटात ठेवला तरी चालतो, रस मात्र पाहुणे बसल्यावरच काढावा.

*पेला भरणे :* साखरेच्या पेल्यात आधी साखरेचा लाल काढा २० मिलिलिटर ओतावा. त्यावर चमचा उलटा धरून, त्याच्या पाठीवरून संत्र्याचा रस २० मिलिलिटर हळूहळू सोडावा. साखरेमुळे काढा जड झालेला असतो. तो खाली राहतो आणि केशरी रस वर तरंगतो.

बिनसाखरेच्या पेल्यात क्रम उलटा. आधी संत्र्याचा रस ३० मिलिलिटर, त्यावर बिनसाखरेचा काढा १० मिलिलिटर. आता काढा रसापेक्षा हलका असल्यामुळे लाल रंग वर राहतो. म्हणजे लाल खाली तर साखर घातलेली, लाल वर तर साखर न घातलेली. दोन्ही द्रव सारखे थंड असावेत आणि हात सावकाश चालावा. सीमेवर रंग थोडे मिसळतील, त्याने बिघडत नाही. तरीही ने-आण करताना पेले हलतात. म्हणून बिनसाखरेच्या पेल्यांना तळाशी पांढरा दोरा बांधावा किंवा ते वेगळ्या ताटात ठेवावेत. रंगाच्या खुणेवरच विसंबू नये.

वरून बर्फ घालायचा असल्यास तो उकळून गार केलेल्या पाण्याचाच असावा. भरलेले पेले तासाभरात संपवावेत. उरलेला रस बाटलीत बंद करून उबेत ठेवू नये. तो आंबतो, फसफसतो आणि त्यात आपोआप मद्य तयार होऊ लागते. सूर्योदयापूर्वी उतरवलेली नीरा उन्हात ठेवली की तिची ताडी होते, तोच हा प्रकार. फेस आला किंवा वास बदलला तर रस ओतून द्यावा.

कुणी कोणती काळजी घ्यावी

*मधुमेह असल्यास :* बिनसाखरेचा एक पेला, तोही जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घ्यावा. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणजे पथ्य पाळले, असे समजू नये; रक्तातील साखर तिन्हींनी वाढते. ‘साखर न घातलेला’ याचा अर्थ ‘साखर नसलेला’ असाही होत नाही. संत्र्याची स्वतःची साखर त्यात असतेच.

*मूत्रपिंडाचा विकार असल्यास :* संत्र्याच्या रसात पोटॅशियम बरेच असते, नारळपाण्यात त्याहूनही काहीसे अधिक. मूत्रपिंडाचे काम मंदावले असता आणि विशेषतः रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असता पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एका पेल्यातील वीस-तीस मिलिलिटर रसाने बहुधा अडत नाही, पण ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियमचे पथ्य सांगितले आहे त्यांनी आधी विचारावे. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते, तेव्हा पेल्याच्या काठाला असे मीठ लावू नये. पाच धारांचे कमरख, ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, ते मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने मुळीच घेऊ नये. त्यातील विषारी द्रव्याने उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

*रक्तदाब व कोलेस्टेरॉलची औषधे असल्यास :* अंबाडीचा काढा रक्तदाब थोडा उतरवतो. समारंभातील एका पेल्याने चिंता नाही, परंतु रोज मोठा ग्लास घेण्याचा बेत असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगावे. संत्र्याऐवजी पपनस किंवा ग्रेपफ्रूट वापरू नये. ॲटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांची रक्तातील पातळी ग्रेपफ्रूट वाढवते, आणि पपनस त्याच कुळातले आहे. कोणतीही गोळी रसाबरोबर न घेता साध्या पाण्याबरोबर घ्यावी, हा सरळ नियम पाळावा.

*गिळण्यास त्रास असल्यास :* हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण घरोघरी याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश या आजारांत पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. पिताना खोकला येणे, नंतर आवाज ओला, घरघरता होणे, वारंवार न्यूमोनिया होणे ही त्याची लक्षणे. मान मागे टाकून एका दमात पेला रिकामा करणे ही तर श्वासनलिकेची वाट मोकळी करून देणारी स्थिती आहे. तेव्हा वृद्धांच्या बाबतीत ‘एका दमात’ हा खेळ मुळीच नको. ज्यांना घट्ट द्रव घेण्याचा सल्ला आहे, त्यांना हा पातळ पेला देऊ नये; त्याऐवजी डॉक्टरांच्या किंवा गिळण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने घट्ट केलेला रस चमच्याने भरवावा. सजावटीला सुका मेवा, जेलीचे तुकडे किंवा नीट न भिजलेला सब्जा घालू नये. कोरडा सब्जा घशात फुगून अडकू शकतो.

उपयोगी पडणारी साखर

गोड पेल्याविषयी एवढे सावध केल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समारंभात जेवण उशिरा होते, गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर घेतले जाते. अशा वेळी आजीला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले तर रक्तातील साखर उतरल्याची शंका घ्यावी. ग्लुकोमीटर असेल तर तपासावे; साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास, अथवा यंत्र जवळ नसल्यास थांबून न राहता, पंधरा ग्रॅम साखर द्यावी. म्हणजे तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून किंवा गोड रस साधारण अर्धा ग्लास. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज भासल्यास पुन्हा द्यावे आणि बरे वाटताच जेवू घालावे.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आपल्या छोट्या पेल्यात पाचच ग्रॅम साखर आहे. एका पेल्याने भागणार नाही. बिनसाखरेचा पेला तर या वेळी कामाचाच नाही, म्हणूनच खूण महत्त्वाची. दुसरी, वॉग्लिबोस किंवा ॲकार्बोस ही गोळी चालू असल्यास साधी साखर रक्तात लवकर उतरत नाही. अशांच्या घरी ग्लुकोजची पूड ठेवलेली असावी. तिसरी, माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये. त्याला एका कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पेला देण्याची रीत

पेय कितीही चांगले झाले तरी ते कसे दिले यावर बरेच अवलंबून असते. काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

ज्येष्ठांना पाठीला आधार देऊन ताठ बसवावे. पलंगावर रेललेल्या स्थितीत पेला देऊ नये. हनुवटी किंचित खाली ठेवून, एक घोट घेऊन, तो गिळून झाल्यावरच दुसरा घ्यायला सांगावा. चाळीस मिलिलिटरचे पाच-सहा घोट होतात. कवळी असल्यास ती बसवलेली असावी. घोट तोंडात असताना त्यांना बोलते करू नये. पेला रुंद बुडाचा निवडावा, म्हणजे थरथरत्या हातातही स्थिर राहतो. शेवटी घोटभर साधे पाणी द्यावे. आंबट-गोड रस दातांवर राहणे चांगले नाही. पिऊन झाल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये.

आणि या सर्वांआधी सांगावे. ‘‘आजी, हा संत्र्याचा आणि अंबाडीचा रस आहे. यात साखर घातली आहे, यात घातलेली नाही. कोणता देऊ?’’ एवढे वाक्य पुरे. घराबाहेरच्या समारंभात ज्येष्ठांसोबत जाणाऱ्याने प्रत्येक रंगीत पेल्याविषयी वाढणाऱ्याला विचारून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. यजमानांनीही मद्य असलेले पेय आणि सरबत एकाच मेजावर, सारख्या पेल्यांत मांडू नये.

इतर ऋतूंसाठी

हाच पेला वर्षभर रूप बदलून देता येतो. चैत्र-वैशाखात उकडलेल्या कैरीचे पन्हे, वेलची घालून. उन्हाळ्यात पिकलेल्या बेलफळाचा गर पाण्यात कालवून, बिया व धागे गाळून केलेले सरबत. बेलाची गोडी स्वतःची असल्याने साखर कमी लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी जांभळाचा गर. एरवी कोकणातून येणाऱ्या आमसुलांचे सरबत. प्रत्येकाचे माप तेच, चाळीस मिलिलिटर.

वर्धेच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा, याच छोट्या पेल्याचा मला आणखी एक उपयोग होतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. वृद्ध व्यक्ती पाणी मागत नाही आणि कोरडी पडते. ज्यांच्या पाण्यावर बंधन नाही, त्यांच्या उशाशी मी हा पेला ठेवायला सांगतो आणि घरच्यांना सांगतो की येता-जाता तो साध्या पाण्याने भरा. मोठा तांब्या नाकारणारी माणसे हा पेला सहसा नाकारत नाहीत.

त्या दिवशी

समारंभाला मीही गेलो होतो. आजोबा पाटावर बसू शकत नाहीत, म्हणून हातांची खुर्ची मांडली होती, पाठीला लोड होता. ओवाळणी झाली आणि नात ताट घेऊन आली. एका बाजूला लाल खाली असलेले सहा पेले, दुसऱ्या बाजूला दोरा बांधलेले चार.

आजोबांनी पेला हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि तिला विचारले, ‘‘यात काय आहे गं?’’

ती म्हणाली, ‘‘संत्र्याचा रस, अंबाडीचा काढा, चिमूटभर साखर, आलं आणि दालचिनी. आणखी काही नाही. मीच केलाय.’’

त्यांनी मान हलवली. सगळ्यांनी पेले उचलले. तरुणांनी आपापले पेले एका दमात संपवले. आजोबांना सहा घोट लागले, आणि तोवर सारे थांबले होते. पेला खाली ठेवून त्यांनी नातीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आणखी एक मिळेल?’’

तिने माझ्याकडे पाहिले. आजोबांना मधुमेह नाही, मूत्रपिंडे ठीक आहेत. मी म्हटले, ‘‘द्या.’’